मधल्या नावाची जागा

संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्यादेवींच्या पुतळ्याभोवती लहान मुलांची पळापळ चाललेली असते. बापाच्या खांद्यावर बसलेलं एखादं पोर बोट वर करून मजले मोजतं. खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे, मिळून सात. अशा पोराला कोणी नाव विचारलं, तर ते घर हिंदी की मराठी हे आम्हा इंदूरकरांना उत्तरावरून लगेच कळतं. हिंदी घरातलं मूल नाव आणि आडनाव सांगतं. मराठी घरातलं मूल माळव्यात चार-पाच पिढ्या काढल्यावरही तीन शब्द सांगतं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. रामबागेत, नारायण बागेत, लोकमान्य नगरात दारांवरच्या पाट्या आजही अशाच आहेत. आपली भाषा बदलली, पोह्यांवर शेव आली, बोलण्यात 'पेशी' आणि 'दफ्तर' हे शब्द आले, पण मधलं नाव टिकलं.

हा लेख त्या मधल्या जागेबद्दल आहे. आई-बापाचं लग्न झालेलं नसेल, तर तिथे बापाचं नाव कसं येतं? त्याचा हक्क कोणाला, त्यासाठी पुरावा कोणता? आणि पुढे दोघांचं पटेनासं झालं, तर त्या बापाला आपलं मूल भेटतं का, त्याच्याकडे राहतं का? एकत्र राहणारी, लग्न न करणारी किंवा लग्न करू न शकलेली जोडपी आता फक्त मुंबई-बंगळुरात नाहीत. ती आपल्या गल्लीत आहेत. त्यांची मुलं शाळेत जातात आणि शाळेचा फॉर्म 'पिता का नाम' विचारतो.

राजवाड्यातला अनौरस

ज्या वास्तूसमोर उभं राहून आपण हे बोलतो आहोत, तिच्या इतिहासातच या प्रश्नाची जुनी खूण आहे. तुकोजीराव होळकर १७९७ साली वारले. काशीराव आणि मल्हारराव हे त्यांचे औरस पुत्र, यशवंतराव आणि विठोजी हे अनौरस. त्याच वर्षी सप्टेंबरात दौलतराव शिंद्यांच्या फौजेनं पुण्यात मल्हाररावांवर छापा घातला आणि त्यात ते मारले गेले. चारही भावांत होळकरांची दौलत सावरण्याची ताकद यशवंतरावांच्या मनगटात होती आणि ते त्यांनी दाखवून दिलं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. तरीही दौलतीचा कारभार त्यांना सुरुवातीला आपल्या नावानं करता आला नाही. मल्हाररावांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या खंडेराव नावाच्या तान्ह्या पुतण्याच्या नावानं तो चालवावा लागला, कारण ते बाळ औरस होतं.

तुकोजीरावांनी यशवंतरावांना कधी नाकारलं नव्हतं. मुलगा त्यांच्याच घरात वाढला, त्यांच्याच फौजेत घडला. बापानं कबूल केलं होतं, पण समाजाच्या वहीत त्या कबुलीला पुरती किंमत नव्हती. 'लेकावळा', 'अक्करमाशी' असे शब्द आपल्या भाषेनं अशाच माणसांसाठी घडवले. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथनाचं नावच 'अक्करमाशी' ठेवलं आणि पाटील बाप व महार आई यांच्या पोटी जन्मलेल्या मुलाला बापाच्या नावासाठी काय सोसावं लागतं, ते मराठी वाचकासमोर मांडलं. तिथे बापाकडे सत्ता होती आणि जबाबदारी घेण्याची इच्छा नव्हती. आपल्याकडे अनौरस मुलाची कहाणी बहुतेक वेळा अशीच सांगितली गेली, कारण बहुतेक वेळा ती तशीच घडली. पळणारा बाप आणि निस्तरणारी आई.

आजचा कायदाही ही कहाणी डोळ्यासमोर ठेवूनच लिहिलेला आहे. पण त्याच कायद्यापुढे आता एक वेगळा माणूस येऊन उभा राहतो. तो पळत नाही. 'हे माझं आहे, मला त्याचं करू द्या,' असं तो म्हणतो. त्याच्यासाठी कायद्याकडे काय आहे?

पैसे देणारा बाप, पालक नसलेला बाप

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ सालचा. त्याचं सहावं कलम मुलाचा नैसर्गिक पालक कोण, ते सांगतं. हा कायदा हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. विवाहातून जन्मलेल्या मुलाचा पालक बाप, त्याच्यानंतर आई. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर ताबा सर्वसाधारणपणे आईकडे. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ 'त्याच्या मृत्यूनंतर' इतका अरुंद नाही, 'त्याच्या अनुपस्थितीत' असाही आहे, असं सांगितलं. त्यामुळे आईची जागा थोडी रुंदावली.

विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलासाठी त्याच कलमात क्रम उलटा आहे. आधी आई, तिच्यानंतर बाप. म्हणजे अविवाहित बाप कायद्याला अनोळखी नाही. त्याचं नाव यादीत आहे, दुसऱ्या क्रमांकावर. पण आई हयात आहे आणि मुलाला सांभाळते आहे, तोवर नैसर्गिक पालक म्हणून त्याला हक्क सांगता येत नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र असा क्रम नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या विसाव्या कलमानुसार औरस असो वा अनौरस, अज्ञान मुलाच्या पोषणाची जबाबदारी आई आणि बाप दोघांवरही आहे. फौजदारी कायद्याचं जुनं १२५ वं कलम, जे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ वं झालं, तेही अनौरस मुलाच्या पोटगीची हमी देतं. हे कलम इंदूरला चांगलं ओळखीचं आहे. शाहबानोंनी १९७८ साली याच शहराच्या न्यायालयात याच कलमाखाली अर्ज केला होता. तिथे महिना २५ रुपये पोटगी मंजूर झाली, उच्च न्यायालयानं ती १७९ रुपये २० पैशांवर नेली आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. घराबाहेर काढलेल्या बाईला आणि नाकारलेल्या मुलाला उपाशी राहू द्यायचं नाही, हा त्या कलमाचा गाभा आहे.

तेव्हा कायद्याच्या नजरेत अविवाहित बाप देणेकरी म्हणून लगेच उभा राहतो. पालक म्हणून उभं राहायला त्याला वाट शोधावी लागते.

आई आधी का

हे वाचून 'बापावर अन्याय' असं म्हणण्याची घाई करू नये. हा क्रम उगाच लागलेला नाही.

अविवाहित आई नऊ महिने ते ओझं एकटी वाहते. घरचे, शेजारचे, दवाखान्यातले, शाळेतले सगळे तिलाच प्रश्न विचारतात. अशा बाईला कोणताही कागद मिळवण्यासाठी आधी पळालेल्या पुरुषाला शोधून आण म्हणणं क्रूरपणाचं आहे. ६ जुलै २०१५ रोजी न्यायमूर्ती विक्रमजित सेन आणि न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांनी दिल्लीच्या एका ख्रिस्ती अविवाहित आईच्या प्रकरणात हेच सांगितलं. पालकत्वाच्या अर्जासाठी तिनं बापाचं नाव उघड करण्याची किंवा त्याला नोटीस पाठवण्याची सक्ती नाही. एकल किंवा अविवाहित आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की तिच्या मुलाला जन्मदाखला मिळालाच पाहिजे. २०१६ च्या डिसेंबरपासून पारपत्राच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. पॅन कार्डासाठीही, आई एकल पालक असेल तर, २०१८ पासून वडिलांच्या नावाची सक्ती उरलेली नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लिहायचं, मग वडिलांचं, असा क्रम ठरला. मधली जागा आता एकट्या बापाची राहिलेली नाही, आणि ते योग्यच झालं.

पण २०१५ च्या त्याच निकालातला एक विचार फारसा चर्चेत येत नाही. पालकत्वाचे आणि ताब्याचे आदेश कायमचे नसतात. मुलाचं हित धोक्यात असेल, तर त्याची खरी काळजी असलेली कोणतीही व्यक्ती ते पुन्हा न्यायालयापुढे आणू शकते. न्यायालयानं ज्याला बाजूला ठेवलं, तो बेफिकीर बाप होता. काळजी असलेल्या बापासाठी दार पूर्ण लावून घेतलेलं नाही. मात्र त्या दारापर्यंतचा रस्ता लांब आहे.

समजा, एक मुलगा

तो रस्ता नीट कळावा म्हणून एक उदाहरण मनाशी धरू. समजा, मल्हारगंजातला एक तरुण आणि रामबागेतली एक तरुणी चार वर्षं एका भाड्याच्या घरात राहिले. घरच्यांचा विरोध, जातीचा प्रश्न, नोकरीची ओढाताण यांत लग्न राहून गेलं. मूल झालं. दोन वर्षांनी दोघं वेगळे झाले आणि ती मुलाला घेऊन नागपूरला मावशीकडे गेली. तरुण राजवाड्यावरून महात्मा गांधी मार्गानं पूर्वेकडे निघतो, कृष्णपुऱ्याचा पूल ओलांडतो, गांधी हॉलवरून पुढे जाऊन वकिलाच्या टेबलापुढे बसतो आणि म्हणतो, "साहेब, पोरगं माझंच आहे. पण माझ्याकडे कागद नाही."

जाणता वकील पहिल्यांदा विचारेल, "लोक तुम्हाला नवरा-बायको समजत होते का?" या प्रश्नाला मोठं वजन आहे. स्त्री-पुरुष दीर्घ काळ पती-पत्नीसारखे राहिले, समाजानं त्यांना तसं मानलं, तर कायदा विवाह झाल्याचंच गृहीत धरू शकतो. २००८ साली मध्य प्रदेशातूनच गेलेल्या तुलसा विरुद्ध दुर्घटिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व पुन्हा सांगितलं. ते लागू झालं तर मूल औरस ठरतं आणि बाप दुसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर येतो. पण भाडेकरारात, रेशन कार्डावर, दवाखान्याच्या केसपेपरवर दोघांनी स्वतःला कसं दाखवलं होतं, शेजारी काय सांगतात, यावर ते अवलंबून. अनेकांकडे स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेला 'विवाह करार' असतो आणि तेच लग्न असं त्यांना वाटतं. तो कागद म्हणजे लग्न नव्हे. विधीशिवाय केलेली नुसती नोंदणीसुद्धा हिंदू विवाह ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दुसरा प्रश्न: "जन्माच्या नोंदीत काय लिहिलं आहे?" १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा, वाहन परवाना, मतदार यादी, पारपत्र अशा सगळ्या कामांसाठी जन्मदाखला हाच जन्माच्या तारखेचा आणि ठिकाणाचा मुख्य पुरावा झाला आहे. त्याच दुरुस्तीत अविवाहित आई आणि एकल पालक यांना खबर देणारे म्हणून वेगळी जागा मिळाली. लग्न न झालेल्या बापानं येऊन 'मी याचा बाप' अशी स्वतंत्र कबुली नोंदवावी, अशी जागा मात्र तिथे नाही. नोंदीत आईच्या संमतीनं त्याचं नाव आलेलं असेल, तर तो चांगला पुरावा आहे. नसेल, तर तरुणाला बाकीचं सगळं गोळा करावं लागतं: प्रसूतीच्या वेळी सही केलेला फॉर्म, लसीकरणाचं कार्ड, खात्यातून पाठवलेले पैसे, बारशाचे फोटो, 'बाळाला ताप आहे, लवकर ये' असे संदेश. नातं माणसाच्या वागण्यातूनही सिद्ध होतं, हे पुराव्याच्या कायद्यानं १८७२ पासून मानलेलं आहे. रात्री तीन वाजता औषध आणायला गेलेला बाप असा वागण्यातून बाप ठरतो.

तिसरा प्रश्न: "दावा कुठे लावायचा?" पालकत्वाचा अर्ज १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली होतो आणि मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्याच न्यायालयात चालतो. मूल नागपूरला स्थिरावलं असेल तर तरुणाला नागपूरच्या कुटुंब न्यायालयात जावं लागेल, बाप इंदूरचा असला तरी. मुलाच्या पायांमागे बापानं चालायचं, न्यायालयाच्या सोयीसाठी मुलाला फिरवायचं नाही, हा नियम मला फार शहाणा वाटतो. १९८४ च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या या न्यायालयांत वकील हा पक्षकाराचा हक्क नाही आणि न्यायाधीशानं आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. इथे अविवाहित बापाला दोन गोष्टी मागाव्या लागतात. एक, मी या मुलाचा पिता आहे असं जाहीर करा. दोन, मला ताबा द्या, किमान भेट द्या.

रक्ताची साक्ष

आई म्हणाली, "हा बाप नाहीच," तर डीएनएचा प्रश्न येतो. तपासणी समजायला अवघड नाही. गालाच्या आतून कापसानं पुसून घेतलेला नमुना किंवा थेंबभर रक्त पुरतं. डीएनएमधल्या ठरावीक जागा पाहतात. प्रत्येक जागी मुलाकडे दोन खुणा असतात, एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. आईची खूण बाजूला काढली की उरलेली त्या पुरुषाकडे आहे का, ते तपासतात. अनेक जागी जुळलं नाही तर तो बाप नाही, हे पक्कं. सगळीकडे जुळलं तर शक्यता ९९.९ टक्क्यांच्याही वर जाते.

विज्ञानाचं काम इतकं सरळ आहे. कायद्याचं नाही, आणि ते सरळ असूही नये. १९९३ साली गौतम कुंडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी तपासणी मागितली म्हणून मिळणार नाही. मुलावर आणि आईवर तिचा काय परिणाम होईल ते न्यायालयानं आधी तोलायचं. २०१० साली भवानी प्रसाद जेना प्रकरणात 'खरीखुरी गरज' हा निकष आला. तपासणीशिवाय सत्यापर्यंत पोहोचता येत नसेल, तरच ती करायची. म्हणून बाळाचा नमुना गुपचूप काढून खासगी प्रयोगशाळेत पाठवणाऱ्या बापाची केस बळकट होत नाही. नमुना कोणाचा, कोणी घेतला, कोणाच्या हातातून गेला, याची साखळी त्याला दाखवता येत नाही. शिवाय मुलाच्या शरीरावर त्यानं न विचारता हात घातलेला असतो.

न्यायालयाच्या आदेशानंतरही कोणी नमुना द्यायला नकार दिला, तर त्या नकारातून त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो. रोहित शेखर यांनी नारायण दत्त तिवारी यांच्याविरुद्ध लढलेला खटला देशानं पाहिला आहे. २०१२ च्या मे महिन्यात नमुना घेतला गेला, २७ जुलैला अहवाल उघडला गेला आणि ते पितापुत्र ठरले. तिथे मुलगा बाप शोधत होता. आपल्या न्यायालयांनी मुलानं किंवा आईनं बापाला शोधल्याचे खटले असंख्य ऐकले आहेत. बापानं मुलाला शोधल्याचे खटले त्यामानानं फार थोडे. म्हणून त्या वाटेवर पाऊलखुणाही थोड्याच आहेत.

जिथे दार बंद आहे

एका प्रसंगात मात्र रक्ताची साक्षही सहसा चालत नाही. मुलाच्या जन्माच्या वेळी आई दुसऱ्या कोणाची विवाहित पत्नी असेल, किंवा घटस्फोटानंतर २८० दिवसांच्या आत, तिनं पुन्हा लग्न केलेलं नसताना, मूल झालं असेल, तर ते नवऱ्याचंच मानलं जातं. पूर्वी हे पुरावा कायद्याचं ११२ वं कलम होतं, आता नव्या अधिनियमाचं ११६ वं आहे. नवरा-बायकोचा त्या काळात संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध झालं तरच हे गृहीतक मोडतं.

२०१४ साली नंदलाल बाडवाईक प्रकरणात नागपूरच्या आणि मग हैदराबादच्या प्रयोगशाळेनं तो नवरा मुलीचा बाप नसल्याचं सांगितलं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं कायद्याच्या गृहीतकापेक्षा विज्ञान वर ठेवलं. पण तिथे अहवाल आधीच हातात होता. २८ जानेवारी २०२५ च्या इव्हान रथिनम प्रकरणात न्यायालयानं पुन्हा मुलाभोवतीची भिंत उचलून धरली. मूल औरस ठरत असेल तर पितृत्वही त्याच नवऱ्याचं, आणि निव्वळ संशयावरून तिसऱ्या माणसाची तपासणी करता येणार नाही. विवाहित स्त्रीशी संबंधातून मूल झालेल्या पुरुषासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. त्याच्या मनात खात्री असेल, पण कायद्यासाठी तो बाप नाही. हे कठोर वाटतं. पण ज्या मुलाला घर आहे, बाप आहे, नाव आहे, त्याला अनोळखी माणसाच्या दाव्यासाठी 'कोणाचं' हा प्रश्न विचारायचा नाही, या निर्णयामागची माया मला समजते.

आणखी एक सावली अविवाहित बापावर पडलेली असते. लग्नाचं खोटं वचन देऊन शारीरिक संबंध ठेवणं हा नव्या न्यायसंहितेच्या ६९ व्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. मुलगी अठराच्या आतली असेल, तर २०१२ चा पोक्सो कायदा तिची संमती मानतच नाही. अशा वेळी 'हे माझं मूल' ही कबुलीच फौजदारी खटल्यातला पुरावा होते. म्हणून वकील पुष्कळदा बापाला गप्प बसायला सांगतात. वकील आपलं काम करतो, पण बाप गप्प राहिला की त्याचं मूलही त्याच्यापासून तुटतं. ज्यानं खरोखर जबरदस्ती केली, त्याला ताब्याचा प्रश्नही विचारता येऊ नये, हे मी निःसंकोच म्हणते.

ताबा म्हणजे काय

समजा, आपल्या तरुणाचं पितृत्व ठरलं. आता ताबा. 'बाप सिद्ध झालो म्हणजे मूल मिळालं,' अशी अनेकांची समजूत असते. तसं नसतं. १९५६ च्या कायद्याचं तेरावं कलम मुलाचं हित सर्वात वर ठेवतं. १८९० च्या कायद्याचं सतरावं कलम मुलाचं वय, त्याचा धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचं शील आणि ऐपत, नात्याची जवळीक हे सगळं पाहायला सांगतं, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मतही विचारात घ्यायला लावतं. दोन वर्षांच्या मुलाचा ताबा आईकडून काढून घ्यायला फार भक्कम कारण लागतं. म्हणून शहाणा वकील आधी भेटीची मागणी करतो: ठरलेल्या दिवशी काही तास, मग पूर्ण रविवार, मग सुट्टीतले दिवस. ज्या बापानं दोन वर्षं एकही भेट चुकवली नाही, शाळेची फी न मागता भरली, आईबद्दल मुलासमोर वाईट शब्द काढला नाही, त्याचं म्हणणं पुढच्या पेशीला न्यायाधीश वेगळ्या कानांनी ऐकतो.

आई दगावली, तर कायद्यानंच बापाची पाळी येते. पण तेव्हा आजी-आजोबा समोर उभे राहतात. नातवंड त्यांनी वाढवलेलं असतं आणि हा माणूस त्यांच्या मनात घराला बट्टा लावणारा असतो. अशा वेळी ज्याच्याकडे पितृत्वाचा जुना, स्वच्छ कागद असतो, त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

आईनं मूल दत्तकासाठी शासनाकडे सोपवलं, तर काय? विवाहित जोडप्याच्या मुलासाठी दोघांची सही लागते, अविवाहित आईच्या मुलासाठी फक्त तिची. सोपवल्यानंतर विचार बदलायला दोन महिने मिळतात. केरळात २०१८ च्या महापुरात मदतकार्य करताना भेटलेलं एक जोडपं एकत्र राहू लागलं. २०२० साली त्यांना मूल झालं. तो कामासाठी परराज्यात गेला, संपर्क तुटला आणि एकटी पडलेल्या आईनं मूल सोपवलं. ते दत्तक गेलं. नंतर दोघं मिळून न्यायालयात आले. एप्रिल २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं की एकत्र राहणाऱ्या जोडप्याचं मूल सोपवण्याच्या कामापुरतं विवाहित जोडप्याचंच मानलं पाहिजे, आणि जन्मदात्या बापाला वगळून ते दत्तक देता येणार नाही. अविवाहित बापाचं नातं भारतीय न्यायालयानं इतक्या स्वच्छ शब्दांत मान्य केल्याचं दुसरं उदाहरण शोधायला वेळ लागेल.

कबुलीची जागा

या वाटेवर जागोजागी एकच अडचण भेटते. लग्नाबाहेरच्या बापाला वेळेवर, शांतपणे, भांडण सुरू होण्याआधी 'हे माझं' म्हणायला साधी जागा नाही. म्हणून तो ते पहिल्यांदा न्यायालयात म्हणतो, तेव्हा ते वाक्य कबुली राहत नाही, दावा होतं. समोरची आई साहजिकच दचकते.

गोव्यात मात्र ही जागा जुनी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनं आणि १९१० च्या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्यानं अविवाहित बापाला जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा सार्वजनिक दस्तात मुलाची कबुली देता येईल, अशी सोय केली. गोव्याची ही संहिता आता भारताचाच कायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली म्हटलं. इंग्लंडमध्ये १ डिसेंबर २००३ पासून आईसोबत जन्मनोंदीवर सही करणाऱ्या अविवाहित बापाला पालकत्वाची जबाबदारी आपोआप मिळते. जर्मनीत अशा बापाला आईच्या संमतीशिवाय न्यायालयातही संयुक्त पालकत्व मागता येत नव्हतं. २००९ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं हा भेदभाव ठरवला आणि २०१३ मध्ये जर्मनीनं कायदा बदलला. उत्तराखंडाच्या समान नागरी संहितेनं २०२५ पासून एकत्र राहणाऱ्यांच्या मुलाला औरस म्हटलं आहे, पण सोबतच जोडप्यानं आपलं नातं सरकारदरबारी नोंदवण्याची सक्ती केली. मुलाची नोंद मला हवी आहे. त्याच्या आई-बापांच्या खासगी आयुष्याची नोंद नको.

भारतानं ११ डिसेंबर १९९२ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला. शक्य तितकं आपले आई-बाप कोण ते जाणण्याचा आणि त्यांच्याकडून सांभाळलं जाण्याचा मुलाचा हक्क त्यात आहे. २०१५ साली विधी आयोगानं २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. त्या अहवालाची चर्चा मुख्यतः घटस्फोटित घरांभोवती फिरली. विवाहाबाहेरच्या मुलाला तिच्यात फार थोडी जागा मिळाली.

माझं मागणं मोठं नाही. आईचा पहिला हक्क तसाच राहू द्या. तिला नाव सांगायची सक्ती नको, ज्याच्यापासून ती जीव वाचवून पळाली त्याला पत्ता कळायला नको. पण जन्मनोंदणीच्या कार्यालयात एक साधा कागद असावा. आईच्या संमतीनं, दोघांच्या सहीनं, आणि वाद असेल तर कुटुंब न्यायालयाच्या देखरेखीखाली, बापानं पहिल्या वर्षातच तो भरावा. 'मी याचा पिता आहे आणि याच्या पोषणाला बांधील आहे.' त्या सहीनं ताबा मिळणार नाही. पोटगी मात्र त्याच दिवसापासून लागू होईल. ज्याला जबाबदारी नको, तो सही करणार नाही. जो करेल, त्याला पुढे भेट मागताना आपण कोण आहोत इथपासून सुरुवात करावी लागणार नाही. पळणारा बाप आणि थांबणारा बाप यांतला फरक कायद्याला आज खटल्याच्या शेवटी कळतो. तो पहिल्या पानावरच कळेल.

यशवंतरावांना बापानं आपलं म्हटलं होतं, आणि तरीही राज्य तान्ह्या पुतण्याच्या नावानं चालवावं लागलं. त्याला सव्वादोनशे वर्षं होऊन गेली. ज्या मजल्यांकडे पोरं बोट दाखवतात, तेही आगीत जळून पुन्हा उभे राहिले आहेत. बागेत ज्या मुलाला तुम्ही नाव विचाराल, त्यानं दोन शब्द सांगावेत, तीन सांगावेत, आईचं नाव धरून चार सांगावेत. कुठला शब्द घ्यायचा आणि कुठला गाळायचा, ते त्याच्या घरानं ठरवावं. फक्त ज्या माणसाला त्या नावात यायचं आहे आणि नावासोबतचं ओझंही उचलायचं आहे, त्याच्या हातात वेळेवर पेन द्यावं.